विकलेल्या बागेतली संत्री

माझ्या सासरचं घर संत्र्याच्या बागेत होतं आणि पाहुण्यांसाठी संत्री कळमेश्वरच्या बाजारातून विकत आणत. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि आत जाऊन पोट धरून हसले. ओसरीवर पाहुणे बसलेले, हात लांब केला तर हाती लागतील इतकी जवळ फळं लटकलेली, आणि सासूबाई गड्याच्या हातात पिशवी देऊन त्याला बाजारात पिटाळत होत्या. मी हळूच म्हटलं, समोरची चार तोडली तर काय होईल? सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी शेजारणीच्या घरात शिरून तिचे डबे उघडायला निघाले होते.

"बाग विकली हाये वं," त्या म्हणाल्या.

बाग विकली म्हणजे जमीन विकली नाही. फळं हिरवी असतानाच व्यापारी येतो, झाडं फिरून बघतो आणि उभ्या बहाराचा सौदा करतो. त्या दिवसापासून तोड होईपर्यंत जमीन आपली, विहीर आपली, झाडं आपली, पाणी द्यायचं तेही आपणच, पण फळ त्याचं. राखणदारही त्याचाच. मालकानं फळाला हात लावायचा नाही. वाऱ्यानं गळून पडलेलं फळसुद्धा आमच्याकडे विहिरीजवळ एका पोत्यावर ठेवलं जाई, व्यापाऱ्याच्या माणसानं घेऊन जावं म्हणून. बहुतेक बागाईतदार सौद्यातून दोनचार झाडं घरच्यांसाठी वगळून ठेवतात. त्यांना घरखाऊ झाडं म्हणतात. त्या वर्षी मृगाचा बहार, म्हणजे पावसाच्या तोंडाशी फुलून हिवाळ्याअखेर उतरणारा, विरळ होता. व्यापारी सगळी झाडं मागत होता आणि मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळी देऊन टाकली होती. एकदा दिली म्हणजे दिली.

हे सगळं सासूबाईंनी मला त्याच दिवशी दुपारी नीट समजावून सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे मी केलं ते अडाणीपणानं केलं असं वाचणाऱ्याला वाटू नये. मला सगळं माहीत होतं. मला ते फक्त खरं वाटत नव्हतं. मी नागपुरात, धरमपेठेत वाढलेली, कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाची मुलगी. आमच्याकडे संत्री कागदाच्या पुड्यातून येत. झाड आपलं आणि फळ दुसऱ्याचं, हा प्रकार मला खेड्यातल्या लोकांचं उगाचचं सोवळं वाटला.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ह्यांची नोकरी नागपुरात, म्हणून आम्ही धरमपेठेत दोन खोल्या घेऊन राहत होतो आणि रविवारी स्कूटरवरून बागेत जात होतो. माहेराहून मला एक ओव्हन मिळाला होता. ॲल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काचेची खिडकी असलेला. आमच्या गल्लीत तेवढा एकच. त्याच्या जोरावर मी एका बाईंच्या घरी चालणाऱ्या बेकरीच्या क्लासला नाव घातलं. आम्ही आठ जणी होतो. नानकटाई झाली, पाव झाला, जळकी बिस्किटंही झाली, आणि शेवटच्या आठवड्यात बाईंनी संत्र्याचा केक शिकवला.

शिकवला म्हणजे बाटलीतल्या इसेन्सनं शिकवला. पिवळा रंग आणि गोळ्यांसारखा वास. बाई स्वतःच म्हणाल्या, की खरा केक संत्र्याच्या सालीनं होतो. वरची केशरी साल तेवढी बारीक किसून घालायची, आतला पांढरा भाग आला की कडू. पण आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं. बाजारात येऊन चार दिवस झाले की साल आणखी लिबलिबीत होते आणि किसणीवर धरता येत नाही. झाडावरून त्याच दिवशी उतरलेलं फळ हवं, त्याची साल घट्ट असते. "एखादीच्या घरी बाग असेल तर गोष्ट वेगळी," असं बाई म्हणाल्या आणि सातही जणी माझ्याकडे बघू लागल्या.

मला काय झालं कोण जाणे. आजवर त्या बायकांत मला कुणी विशेष विचारत नव्हतं. एकीचा नवरा डॉक्टर, एकीचं स्वतःचं दुमजली घर, एक मुंबईला जाऊन आलेली. माझं सासर खेड्यातलं म्हणून मी सासरचा विषय निघाला की मैद्याकडे बघायची. आणि आता एकाएकी त्या खेड्याला किंमत आली होती.

"आहे ना बाग," मी म्हटलं. "हवी तेवढी आणते."

ते 'हवी तेवढी' आज इतक्या वर्षांनीही कानात आलं की मी एकटी असले तरी मान खाली घालते.

शेवटच्या दिवशी, बुधवारी, प्रत्येकीनं आपापल्या घरून एकेक पदार्थ करून न्यायचा ठरला. त्याआधीच्या रविवारी आम्ही बागेत होतो. मी सकाळपासून संधी शोधत होते. मामाजींना विचारावं असं एकदा मनात आलं. ते व्यापाऱ्याकडे शब्द टाकून डझनभर फळं सहज मागून घेऊ शकले असते. पण मागायचं म्हणजे का हवीत ते सांगायचं, केक म्हणजे काय ते सांगायचं, आणि सासरी येऊन चार महिने नाही झाले तर मागण्या सुरू झाल्या असं दिसायचं. शिवाय नाही म्हणाले असते तर बुधवारी मी काय केलं असतं? न विचारणं सोपं होतं. मी सोपं ते केलं.

बागेचा राखणदार साठीच्या पुढचा होता. व्यापारी बदलत, पण राखणदार तोच राही, कारण प्रत्येक नव्या व्यापाऱ्याला मामाजी सांगत, की ह्याला ठेव, हा माझ्या शब्दाचा माणूस आहे. बागेतच एका झोपडीत तो आणि त्याची बायको राहत. दिवसभर तो हातात गोफण आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला रिकामा तेलाचा डबा घेऊन फिरे. पोपट आले की डबा वाजवी. त्या आठवड्यात त्याची बायको लेकीकडे गेली होती, म्हणून त्याचं जेवण आमच्या घरून जात होतं. रविवारी दुपारी सासूबाईंनी भाकर, भरीत आणि कांदा बांधून फडकं माझ्या हातात दिलं.

तो विहिरीजवळच्या झाडापाशी उभा होता. बागेतलं सगळ्यात लदलेलं झाड ते. फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. मी फडकं पुढे केलं तर तो म्हणाला ठेवा, फिरता फिरता खातो. मी म्हटलं, बाबा, सकाळपासून उभे आहात, बसून जेवा.

"बसून जेवलो तं पोपट अख्खं झाड खाली करतीन, बाई."

"तुम्ही निवांत बसा. मी आहे ना इथं, मी बघते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मालकाची सून आपली राखण करते म्हणते याचं त्याला नवल वाटलं असावं, आणि बरंही वाटलं असावं. त्यानं गळ्यातला डबा काढून माझ्या हातात दिला, विहिरीवर हात धुतले आणि पलीकडच्या पायरीवर, बागेकडे पाठ करून, मांडी घालून बसला. त्यानं भाकर मोडली. आणि मी झाडाकडे वळले.

खाली वाकलेल्या एका फांदीवरची पंधरावीस फळं मी हातानं ओढून ओढून काढली. भराभर पदरात टाकली आणि पदराची गाठ मारली. मध्येच मी एकदा डबासुद्धा वाजवला. पोपट नव्हते. म्हाताऱ्याला वाटावं की मी राखण करते आहे, म्हणून वाजवला. बाकीच्या सगळ्या गोष्टींना मी इतक्या वर्षांत काही ना काही सबब शोधली आहे. वय लहान होतं, समज कमी होती, चार बायकांत मिरवायचं होतं. त्या डबा वाजवण्याला मात्र मला अजून सबब सापडलेली नाही.

त्याचं जेवण झालं. तो ढेकर देत आला, डबा घेतला आणि म्हणाला, किती दिवसांनी असा बसून जेवलो. मी पदर सावरत घरी आले, फळं कापडी पिशवीत भरली, वरून माझी साडी ठेवली. संध्याकाळी निघताना ह्यांनी विचारलं, पिशवी जड का? मी म्हटलं आईंनी वांगी दिली आहेत. इतक्या सहज निघालं तोंडातून.

मंगळवारी मी केक केला. साल खरंच घट्ट होती. किसणीवर धरताच बारीक तुषार उडाले आणि दोन्ही खोल्यांत वास भरला. लोणी आणि पिठीसाखर फेसली, दह्यात सोडा घातला, सालीचा कीस आणि रस घातला, रस पडताच मिश्रण फसफसून वर आलं. अंडी घातली नाहीत, मामाजी खात नाहीत हे मला आठवलं. एवढं बरं आठवलं! काचेच्या खिडकीतून मी केक फुगताना पाहत बसले होते आणि मला कुठेही टोचत नव्हतं. उलट मी अगदी सुखात होते.

बुधवारी माझा केक सगळ्यांत उजवा ठरला. बाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला. डॉक्टरांच्या बायकोनं कृती लिहून घेतली आणि म्हणाली, तुमचं बाई भाग्य, अंगणात तोडा आणि करा. मी हसले. उरलेला पाव भाग डब्यात घालून घरी आणला आणि दोन संत्री उरली होती ती टेबलावरच्या टोपलीत ठेवली.

शुक्रवारी सकाळी मामाजी आले. विहिरीवरची मोटर जळली होती, ती दुरुस्तीला टाकायची होती. हे कामावर गेलेले. मामाजी सहसा घरात फार बसत नसत, पाणी पिऊन निघत. त्या दिवशी खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले. मी चहा ठेवला आणि बशीत केकचे दोन तुकडे काढून पुढे ठेवले. म्हटलं, मी केलाय, अंडी नाहीत, खाऊन बघा. मला कौतुक हवं होतं. बुधवारी मिळालं होतं ते पुरलं नव्हतं.

त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि खाता खाता बागेतली हकीकत सांगायला लागले. सोमवारी व्यापारी बाहेरगावच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला बाग दाखवायला घेऊन आला होता. आधी त्याला विहिरीजवळच्या झाडापाशीच नेलं. आणि तिथं एक फांदी रिकामी. नुसती रिकामी असती तरी कळलं नसतं, पण देठांना सालीचे गोल तुकडे तसेच चिकटून राहिले होते. बागेतला माणूस कैचीनं देठ ठेवून फळ कापतो. हातानं ओढलं की देठापाशी साल फाटते, फळाला भोक पडतं आणि सालीचा तुकडा झाडावर राहतो. व्यापाऱ्यानं परक्या माणसासमोर अपमान झाला म्हणून राखणदाराला तिथंच फैलावर घेतलं. कुठं होतास? म्हातारा म्हणाला, इथंच होतो. एकदाही हललो नाही, रविवारी दुपारी फक्त बसून जेवलो. बसून जेवलास म्हणजे झोपलास, नाहीतर तूच कुणाला दिलीस, असं म्हणून व्यापाऱ्यानं त्याला काढून टाकलं. झोपडी रविवारपर्यंत खाली करायला सांगितली.

"माह्या शब्दावर ठेवला होता त्याले," मामाजी म्हणाले. "आता या वयात त्याले कोण ठेवते?"

मी ओट्याशी उभी होते. चहा उतू गेला तो मला दिसला नाही. म्हाताऱ्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. मालकाची सून राखण करत होती असं तो एका वाक्यात सांगू शकला असता. त्यानं निष्ठेनं सांगितलं नाही, की सांगून कुणी खरं मानणार नाही म्हणून सांगितलं नाही, हे मला आजही ठाऊक नाही. कुठलंही असलं तरी माझी सुटका त्यात नाही.

मामाजी दुसरा तुकडा उचलता उचलता थांबले. त्यांनी तो नाकाजवळ नेला. जन्म ज्या वासात गेला तो वास त्यांना मी काय सांगणार होते? नजर बशीवरून टेबलावरच्या टोपलीकडे गेली.

"कुठचे संत्रे हायेत वं हे?"

हीच वेळ होती. चहाचं पातेलं उतरवून त्यांच्यासमोर बसायचं आणि म्हणायचं, मामाजी, मी. एवढंच. त्याच क्षणी सगळं मिटलं असतं. ते रागावले असते, कदाचित मला घेऊन व्यापाऱ्याकडे गेले असते, आणि मी धरमपेठेची शिकलेली सून तिथं मान खाली घालून उभी राहिले असते. मला ते उभं राहणं डोळ्यांसमोर दिसलं.

"इथलीच," मी म्हटलं. "बाजारातली."

त्यांनी टोपलीतलं एक संत्रं उचललं. हातात फिरवून देठाची बाजू वर केली. तिथं भोक होतं, चार आण्याच्या नाण्याएवढं, आतला पांढरा धागा दिसत होता. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मग ते संत्रं परत टोपलीत ठेवलं, भोकाची बाजू खाली करून. दुसरा तुकडा शेवटपर्यंत खाल्ला, कारण ताटात टाकायची त्यांना सवय नव्हती. चांगला झाला म्हणाले. मी जेवून जा म्हटलं तर मोटरचं काम आहे म्हणाले आणि चपला घालून गेले. त्यांनी ओळखलं की नाही, ह्याचा मी दिवसभर विचार करत होते, आणि नसेलच ओळखलं असं रात्र पडेपर्यंत मी स्वतःला पटवलं.

त्या रविवारी मी डोकं दुखतं म्हणून बागेत गेले नाही. पुढच्या रविवारी गेले तर गोफण खांद्यावर टाकून राखणदार विहिरीजवळ उभा. मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ धावतच घरात गेले. सासूबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. माझ्याशी नीट बोलेनात. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "म्हातारपणी जीभ सुटली पाह्य तुह्या मामाजीची. चार माणसांत सांगून आले, मीच तोडले म्हणून. मले तं तोंड दाखवाची लाज वाटून राहिली."

शुक्रवारी माझ्याकडून निघाले ते मामाजी मोटर दुरुस्तीला टाकून परस्पर व्यापाऱ्याच्या आडतीवर गेले होते. तिथं आणखी चार बागाईतदार बसलेले. त्यांच्यासमोर मामाजींनी सांगितलं, की राखणदाराचा दोष नाही, फळं मी तोडली, खायची इच्छा झाली. व्यापाऱ्याला आधी खरंच वाटेना. मालक, तुम्ही हातानं ओढाल? असं त्यानं विचारलं म्हणे. घाईत ओढली, असं मामाजी म्हणाले.

सासूबाईंना हे सगळं खरं वाटत होतं. एवढी वर्षं पडलेलं फळ उचललं नाही आणि आता हे काय सुचलं, असं म्हणत त्या मिरच्या खुडत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मिरचीचे हात डोळ्यांना लागून आणखी पाणी येत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. तोंड उघडलं. आणि विचारलं, "चहा ठेवू का?"

दुसऱ्यांदा संधी आली तरी मी तीच निघाले. माझी मला किळस आली, पण किळस येऊनही मी चहाच ठेवला.

त्या भागात दोन माणसांचं सौद्यावरून वाजलं, की निवाड्याला मामाजींना बोलवत. कुणाचं झाड, कुणाचा बांध, कोणी आधी शब्द दिला, हे ते सांगत आणि लोक मानत. मी लग्न होऊन आले तेव्हा आठवड्यात एकदा तरी कुणी ना कुणी ओसरीवर येऊन बसलेलं असे. त्यानंतर ती माणसं येईनाशी झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. एकदा शेजारच्या बागेत भांडण झालं, आवाज आमच्यापर्यंत येत होते, मामाजी ओसरीवर टोपी घालून तयार बसले होते. कुणी बोलवायला आलं नाही. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. मी आतून पाहत होते.

पुढच्या वर्षीच्या मृगाच्या सौद्याला तोच व्यापारी आला. ओसरीवर सातआठ माणसं होती. दुपट्ट्याखाली हातात हात घालून बोटांनी बोलणी चालली होती. मी चहाचे कप घेऊन गेले, तेवढ्यात आकडा ठरला आणि व्यापाऱ्यानं हात बाहेर काढला. तोच हात वर धरून तो मोठ्यानं म्हणाला, "मालक, यंदा हात आवरजा बरं."

सगळे हसले. मामाजीही हसले. माझ्या हातात ट्रे होता. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं, कारण कप घेतानाही ते दुसरीकडेच बघत होते. मी प्रत्येकाला चहा दिला, व्यापाऱ्यालाही दिला, साखर बरोबर आहे का विचारलं, आणि आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला त्या दिवशी मरून जावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी उठून कामाला लागले.

त्या दिवशी भिंतीला टेकून उभी असताना मला ऐकू आलं, मामाजी म्हणत होते, विहिरीजवळची दोन झाडं सोडून. घरखाऊ. व्यापाऱ्यानं कुरकूर केली, तीच तर बागेतली चांगली झाडं. मामाजी म्हणाले, तीच पाहिजेत, पाहिजे तर आकडा खाली आण.

फेब्रुवारीत एका रविवारी त्यांनी मला विहिरीजवळ बोलावलं. खिशातून कैची काढून माझ्या हातात दिली. वाकड्या पात्याची, मुठीला सुतळी गुंडाळलेली, त्यांची स्वतःची.

"हे दोन झाडं तुह्ये. कैचीनं तोडजो वं. हातानं ओढलं तं देठापाशी साल फाटते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडले असते, बोलले असते, पाय धरले असते. मी फक्त "हो" म्हटलं. ते वळून घराकडे गेले. त्यानंतर ते बरीच वर्षं होते, दर मृगाच्या बहाराला मी त्यांना केक करून दिला आणि दर वेळी त्यांनी चांगला झाला म्हणून सांगितलं. कैचीच्या त्या बोलण्यापलीकडे आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. मला काढायचा होता. म्हणजे मी असं म्हणत आले.

त्या पहिल्या घरखाऊ फळांचा केक केला, तेव्हा अर्धा मी राखणदारासाठी नेला. ठरवून गेले होते, की निदान त्याच्याशी तरी बोलायचं. दुपारची वेळ होती. तो त्याच झाडापाशी उभा होता, गळ्यात डबा. मी केकचं पुडकं आणि सासूबाईंनी दिलेलं भाकरीचं फडकं पुढे केलं. एवढ्या महिन्यांत मी समोर आले की तो वाट सोडून उभा राही. दोष कधी दिला नाही, पण माझ्याशी नीट बोलतही नसे. मी म्हटलं, बाबा, बसून जेवा ना. पुढचे शब्द घशाशी आले होते.

त्यानं पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गळ्यातला डबा हातानं घट्ट धरला.

"ठेवा बाई तिथं," तो म्हणाला. "मी राखणीवर आहो."

मी ठेवलं. दूर जाऊन मागं वळून पाहिलं तर तो उभ्यानं भाकर खात होता, तोंड माझ्या दिशेला करून.